पहिल्या भेटीत पहिले वाक्य काय बोलायचे?

काठावर

गेल्या पाच महिन्यांत मी डॉक्टरांचा क्रमांक चार वेळा फिरवला आणि चारही वेळा पलीकडून आवाज येताच फोन ठेवून दिला. बोलायचे काय, हेच ठरलेले नव्हते. ताप असता तर ताप आहे म्हणालो असतो, गुडघा दुखत असता तर गुडघ्यावर बोट ठेवले असते. इथे बोट नेमके कुठे ठेवायचे, ते समजत नाही.

माझे वय ३४ आहे. नोकरी चालू आहे, कामात उघड म्हणावी अशी चूक झालेली नाही, आणि नेमक्या याच कारणाने आपल्याला काही झाले आहे असे म्हणण्याचा हक्क आपल्याला पोहोचतो का, असा प्रश्न मला पडतो. पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. त्या दोन-तीन तासांत छातीत धडधडते, पोटात खड्डा पडतो आणि आदल्या दिवशी पाठवलेल्या साध्या ईमेलमधल्या एकेका वाक्याचा मी कीस काढत पडून राहतो. दुपार कलली की थोडे हलके वाटते, आणि मग सकाळचे सगळे आपणच रचलेले होते की काय, अशी शंका येते. मला वाचनाचा नाद होता. आता एकच पान तीन वेळा वाचूनही हाती काही लागत नाही. मित्रांचे फोन मी घेत नाही आणि नंतर कामात होतो असे कळवतो.

दोन वेळा बैठकीच्या आधी श्वास कोंडला आणि हात बधिर झाले. हृदयाचे दुखणे असावे म्हणून तपासणी करून घेतली, तेव्हा हृदय ठणठणीत असल्याचे सांगण्यात आले. त्याने दिलासा मिळायला हवा होता. प्रत्यक्षात लाज वाटली.

स्वतःला इजा करून घेण्याचा विचार मनात नाही. मात्र ‘उद्या जागच आली नाही तर सुटलो’ असे कधी कधी वाटून जाते. हे डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे की उगाच बाऊ केल्यासारखे होईल, तेही ठरवता येत नाही.

तर माझे विचारणे एवढेच आहे, की आधी जायचे कुणाकडे, आणि समोर बसल्यावर पहिले वाक्य काय बोलायचे?

पारिजातक

पहिले वाक्य मी बोललेच नव्हते. मी कागद पुढे सरकवला होता. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बोलायला तोंड उघडले की रडू येईल याची खात्री असल्यामुळे मी आदल्या दिवशी एक पान लिहून ठेवले, आणि डॉक्टरांनी ‘काय होते आहे’ असे विचारताच ‘हे वाचाल का’ एवढेच म्हटले. त्यांनी शांतपणे दोनदा वाचले. त्यांच्या वाचण्याच्या त्या दोन-तीन मिनिटांत माझा श्वास जागेवर आला आणि पुढचे बोलणे सोपे झाले.

त्या पानावर काय लिहिले, ते सांगते. पहिल्या मसुद्यात सगळी विशेषणे होती: उदास, रिकामे, कोंडल्यासारखे. दुसऱ्या दिवशी वाचल्यावर ते पान मलाच कुणा दुसऱ्याचे वाटले, म्हणून ते फाडून मी फक्त बदल लिहिले. पूर्वी काय करत होते आणि आता काय करत नाही, केव्हापासून, आठवड्यातून किती दिवस. ‘मला खूप थकवा येतो’ याऐवजी ‘गेले तीन आठवडे आंघोळ करून मी पुन्हा अंथरुणात जाऊन बसते आणि कामावर जायला उशीर होतो’ असे लिहिले. असे वाक्य खोडून काढायला आपल्यालाही जमत नाही आणि समोरच्यालाही ते हसण्यावारी नेता येत नाही. तुमचा वरचा प्रश्न म्हणजे असेच पान आहे. ‘बोलायचे काय ठरलेले नव्हते’ असे तुम्ही म्हणता, आणि त्याच्या पुढच्याच परिच्छेदांत सगळे बोलून मोकळे झाला आहात. ते जसेच्या तसे कागदावर उतरवून घ्या.

फोनचे म्हणाल, तर सकाळी फोन करू नका. सकाळ ही तुमची सर्वांत पडकी वेळ आहे हे तुम्हीच लिहिले आहे, मग सर्वांत अवघड काम त्या वेळेला का द्यायचे? दुपारी चारला करा. भेटीची वेळ मागताना कारण विचारलेच तर ‘झोपेची तक्रार आहे’ एवढे पुरते आणि ते खोटेही नाही. संदेश पाठवून किंवा संकेतस्थळावरून वेळ घेता येत असेल तर बोलण्याचा प्रश्नच मिटतो.

आणखी एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते. भेटीच्या दिवशी हमखास बरे वाटते. मी तर घरातून निघताना वेळ रद्द करण्यासाठी फोन हातात घेतला होता. कुठेतरी सांगायचे आहे हे ठरल्यामुळेच ओझे थोडे उतरलेले असते, आणि आपण त्याचा अर्थ दुखणे गेले असा काढतो. तरीही जा.

हक्काबद्दल मला फार बोलायचे नाही. ‘माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसे आहेत’ या वाक्याने मी स्वतःला दीड वर्ष थांबवून धरले. मोडलेल्या हाताबद्दल असा विचार कुणी करत नाही.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे आणि सर्वसाधारण रुग्ण तपासतो. इथे लिहिलेल्यावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. पण खोलीच्या आत काय घडते हे कळले तर दार ढकलणे सोपे जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कुणाकडे जायचे यावरच लोक महिनोन्‌महिने अडतात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. तो निदान करतो, औषधे देतो आणि त्यांपैकी काही जण मानसोपचार, म्हणजे बोलण्यातून चालणारा उपचारही करतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून चालणाऱ्या उपचाराच्या पद्धती शिकलेला असतो आणि सहसा औषधे लिहून देत नाही. समुपदेशक हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो, म्हणून त्या व्यक्तीने काय शिक्षण घेतले आहे, हे विचारण्यात संकोच करू नये. या तिघांपैकी कुणाकडेही थेट गेलात तरी चूक होणार नाही. तरी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांवर तुमचा विश्वास असेल, तर मी तिथून सुरुवात करायला सांगेन. त्याचे कारण असे, की थायरॉईडचे काम मंदावले तर थकवा, सुस्ती आणि उदासपणा येतो, ते वाढले तर धडधड, घाम आणि अस्वस्थता येते. रक्तक्षय, बी-१२ची कमतरता, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, स्टेरॉइडसारखी काही औषधे आणि नियमित मद्यपान यांतूनही असेच चित्र उभे राहू शकते. नैराश्य दाखवून देणारी रक्ततपासणी नाही. तपासणीचा उपयोग ही बाकीची कारणे बाजूला करण्यापुरता असतो.

मग प्रश्न विचारले जातात. बऱ्याच ठिकाणी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली देतात, जी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. मागच्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला, याला ० ते ३ गुण द्यायचे असतात. एकूण २७ पैकी १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर डॉक्टर अधिक बारकाईने विचारपूस करतात. चिंतेसाठी अशीच सात प्रश्नांची जीएडी-७ आहे. या दोन्ही चाळण्या आहेत. गुणांचा आकडा घेऊन घरी स्वतःवर शिक्का मारून घेऊ नये. पण हातात शब्दच नसतील तर भरलेली प्रश्नावली घेऊन जाणे हा बोलायला सुरुवात करण्याचा एक सभ्य मार्ग आहे.

एक प्रश्न तुम्हाला विषय सोडून विचारल्यासारखा वाटेल. आयुष्यात कधी असे काही दिवस आले का, की ज्यांत दोन-तीन तासांची झोप पुरत होती, बोलणे आणि विचार भरधाव होते, पैसा किंवा धाडस हाताबाहेर गेले होते? याचे उत्तर नीट आठवून द्या, कारण द्विध्रुवीय विकार, म्हणजे नैराश्याबरोबरच अशा भरधाव उन्मादाच्याही अवस्था येणारा आजार, असेल तर नुसत्या नैराश्यविरोधी औषधाने उन्मादाची अवस्था उसळू शकते आणि उपचाराची दिशाच बदलावी लागते. घरात कुणाला असा त्रास झाला होता का, तेही सांगा.

आता तुमच्या दोन शंका. पहाटे फार लवकर जाग येणे, सकाळ सर्वांत जड जाणे आणि दिवस कलताना थोडे सुसह्य होणे, हे नैराश्यात वारंवार दिसते आणि पाठ्यपुस्तकांत ते लिहिलेले आहे. दुपारी बरे वाटले म्हणून सकाळ खोटी ठरत नाही. श्वास कोंडण्याचे म्हणाल, तर भीतीने श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून हातांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. असा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. तुम्ही हृदय तपासून घेतले, ते अगदी योग्य केले. त्यात लाजण्यासारखे काय आहे, ते मला समजलेले नाही. माझ्याकडे तुम्ही आला असतात तर मीही आधी ईसीजीच काढला असता.

‘उद्या जागच आली नाही तर’ हे वाक्य जरूर सांगा. ते पानावर सर्वांत वर लिहा. असा विचार अनेकांच्या मनात येतो, आम्ही तो पुष्कळदा ऐकतो आणि तो ऐकून कुणी तुम्हाला लगेच डांबून ठेवत नाही. पुढे आम्ही एवढेच विचारतो, की हा विचार किती वेळा येतो, त्यात काही बेत आहे का, साधन जवळ आहे का आणि तुम्हाला थांबवून धरणारे काय आहे. मात्र तो विचार बेताकडे सरकू लागला, किंवा तो आवरत नाही असे वाटले, तर ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका. त्याच क्षणी विश्वासाच्या माणसाला जवळ बोलवा, एकटे राहू नका, इजा करता येईल असे जे काही हाताशी असेल ते घराबाहेर जाऊ द्या आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा तुमच्याकडच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

पहिले वाक्य हवेच असेल तर हे घ्या: “पाच महिन्यांपासून मला पहाटे झोप लागत नाही, कशात मन लागत नाही, आणि हे माझे मला आवरत नाही.” पुढचे विचारणे हे आमचे काम आहे.

काठावर

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. कागदाचे लगेच पटले. आता दोन भीती उरल्या आहेत. गोळ्या सुरू झाल्या की त्या जन्मभर सुटत नाहीत आणि माणूस सुन्न होऊन जातो, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. दुसरी भीती ही, की मी बोललेले कुणाच्या कानावर जाईल.

नाडीपरीक्षा

बोललेले गुप्त राहते, तो आमच्या व्यवसायाचा नियमच आहे. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, किंवा कायद्याने भाग पाडले, तर तो मोडावा लागतो. आणि ही मर्यादा कुठे आहे हे तुम्ही पहिल्याच भेटीत विचारू शकता. चांगला डॉक्टर त्याने दुखावला जात नाही.

गोळ्यांच्या बाबतीत दोन वेगळे गट लोक एकत्र करतात आणि तिथेच घोळ होतो. अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांच्यासारखी औषधे चिंता तासाभरात खाली आणतात, पण ती रोज घेत राहिले तर काही आठवड्यांतच शरीराला त्यांची सवय लागू शकते, म्हणून ती थोड्या दिवसांसाठी आणि जपून द्यायची असतात. एस्किटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या नैराश्यविरोधी औषधांची तशी तलफ लागत नाही आणि मात्रा वाढवत नेण्याची ओढही लागत नाही. तरीही ती एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत ती थांबवतात. पहिल्यांदाच नैराश्य आले असेल तर बरे वाटू लागल्यानंतर साधारण सहा महिने किंवा थोडे अधिक औषध चालू ठेवतात. जन्मभर घ्यावे लागणारे रुग्ण असतात, पण तो सरसकट नियम नाही.

खरा त्रास सुरुवातीच्या पंधरवड्यात होतो. मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल, काही जणांना आधी अस्वस्थता वाढल्यासारखी वाटणे, हे त्रास लगेच सुरू होतात. गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो आणि पुरता परिणाम कळायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. नेमके याच अंतरात अनेक लोक ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून ते सोडून देतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढण्याची शक्यता असते, म्हणून त्यांना लवकर लवकर पुन्हा बोलावतात; पण असे विचार वाढले तर कोणत्याही वयात त्याच दिवशी कळवायचे. लैंगिक इच्छेवर होणारा परिणाम किंवा भावना बोथट झाल्याची जाणीव रुग्ण सांगत नाहीत आणि आम्हीही पुरेसे विचारत नाही. ते सांगितले तर मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते. सुन्न होऊन जगणे हे उपचाराचे उद्दिष्ट नव्हे.

दुसरे दार

वरच्या प्रतिसादांशी मी सहमत आहे, पण त्यांत एक बाजू राहून गेली आहे आणि ती थोडी कडू आहे. माझी पहिली भेट वाईट गेली. मी सांगायला सुरुवात केली, तेव्हा समोरच्या व्यक्तीने घड्याळाकडे पाहिले, ‘विचार कमी करा आणि मन रमवा’ असे सांगितले आणि अकराव्या मिनिटाला मी बाहेर होतो. त्यानंतर आठ महिने मी कुठेही गेलो नाही. चूक त्यांची होती आणि शिक्षा मी भोगली, असे आज वाटते. कारण दातांचे काम नीट झाले नाही तर आपण दुसरा दंतवैद्य पाहतो, इथे मात्र आपल्यातच काही खोट आहे असे मानून बसतो. म्हणून जाण्याआधीच ठरवून ठेवा, की पहिली व्यक्ती जुळली नाही तर दुसरी कोण. मी दुसऱ्या खेपेला दोन नावे घेऊन निघालो होतो आणि त्या दुसऱ्या नावाची गरज पडली नाही.

दुसरे असे, की गोळ्या हा एकमेव मार्ग नाही. सौम्य आणि मध्यम त्रासात मानसोपचाराचा उपयोग औषधांच्या तोडीस तोड होऊ शकतो, आणि तीव्र त्रासात दोन्ही एकत्र दिले जातात. मी बोधात्मक वर्तन उपचार (सीबीटी), म्हणजे विचार आणि वागणे तपासून बदलण्यावर भर देणारा मानसोपचार घेतला, ज्याची मांडणी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात केली. तिथे बालपण उकरत बसावे लागेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मला वही दिली गेली. प्रसंग, त्या वेळी मनात आलेला विचार, त्या विचाराच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा, असे रकाने भरायचे आणि पुढच्या आठवड्यात त्यावर बोलायचे. ईमेलच्या वाक्यांचा कीस काढणाऱ्याला हा गृहपाठ ओळखीचा वाटेल, फक्त इथे तो कीस शेवटापर्यंत नेतात. पाऊण तासाच्या सोळा बैठका झाल्या. पहिल्या तीन मला निरुपयोगी वाटल्या होत्या.

पहिल्या भेटीत मी विचारलेले प्रश्न असे होते: तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता, साधारण किती बैठका लागतील, आणि फरक पडतो आहे की नाही हे आपण कशावरून ठरवायचे? तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले, तिथे मी थांबलो.

ओसरी

मी स्वतः रुग्ण नाही. माझे पती होते. त्यांनी मला सांगितले तेव्हा मी दहा मिनिटांत बारा उपाय सुचवले आणि ते पुन्हा गप्प झाले. नंतर पुष्कळ दिवसांनी त्यांनी एकच काम मागितले: “तू वेळ ठरव आणि दारापर्यंत ये, आत मी जाईन.” ते मला करता आले. तुमच्या जवळच्या माणसालाही असे मोजके, करता येण्याजोगे काम द्या. ‘मला समजून घे’ हे मागणे रास्त असले तरी समोरच्याला त्याचे काय करायचे ते कळत नाही.

भेटीनंतर त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते निम्मे आठवत नव्हते. नैराश्यात लक्ष टिकत नाही, त्यामुळे असे होतेच. पुढच्या वेळी त्यांच्याच सांगण्यावरून मी शेवटची पाच मिनिटे आत गेले आणि औषधाची वेळ, पुढची तारीख आणि त्रास वाढला तर कुणाला कळवायचे, एवढे लिहून घेतले.

काठावर

काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फोन केला. पलीकडच्या बाईंनी कारण विचारले, मी झोपेची तक्रार म्हणालो, आणि त्यांनी गुरुवारी साडेपाचची वेळ दिली. संपूर्ण संभाषण एका मिनिटाचेही नव्हते. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते.

पान लिहून झाले आहे. ते वाक्य सर्वांत वर लिहिले आहे. आधी ते तळाशी होते, मग पान उलटून नव्याने लिहिले. एका मित्राला बऱ्याच दिवसांनी मीच फोन केला आणि गुरुवारी पाच वाजता येशील का, एवढेच विचारले. कशासाठी, ते त्याने विचारले नाही. आज सकाळपासून बरे वाटते आहे आणि वेळ रद्द करावी असे दोनदा मनात येऊन गेले. पारिजातक यांचा प्रतिसाद मी पुन्हा वाचून काढला.